परदेशातल्या मिशनला भेट द्यायची आहे? पुण्यातल्या मंडळ्यांसाठी तयारीचा सगळा तपशील

पुण्याच्या ख्रिस्ती मंडळींना परदेशी पाहुणे नवे नाहीत. पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन असो किंवा ताडीवाला रोडची दीपगृह सोसायटी ही सेवासंस्था, बाहेरून पाहुणे आले की इकडच्यांची किती धावपळ होते हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. गाडी, जेवण, दुभाषा, कार्यक्रम, फोटो, आणि या सगळ्यात रोजचं काम बाजूला. आता पुण्यातूनही मंडळ्यांचे गट नेपाळ, केनिया, युगांडा, फिलिपिन्स इथली गरिबांमधली सेवाकार्यं बघायला निघतात. यजमान म्हणून जे सोसलं ते पाहुणा होताना विसरायला होतं, म्हणून तयारीची सुरुवात तिथूनच करायची. तुमच्या भेटीचा खर्च म्हणजे फक्त तिकिटाचे पैसे नव्हेत. तिथल्या माणसांचे दिवसही त्यात जातात, आणि ते दिवस हिशेबात धरूनच बेत आखावा.

आधी बघायचं की काम करायचं, ते ठरवा

गटातल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: आपण बघायला चाललोय की काम करायला? उत्तरं वेगवेगळी आली तर तिकिटं काढू नका. हा नुसता मनोवृत्तीचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. पर्यटक म्हणून आत शिरून शिकवणं, दवाखाना चालवणं, बांधकामावर राबणं बहुतेक देशांना चालत नाही, मग ते काम बिनपगारी का असेना. डॉक्टरांनी जास्तच जपावं. नेपाळमध्ये रुग्ण तपासायचे तर नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, केनियातही तिथल्या कौन्सिलचा तात्पुरता परवाना लागतो. ‘दोन दिवसांचं कॅम्प घेऊ’ असं इथे बसून ठरवलं आणि तिथे कोणी तक्रार केली, तर तुम्ही विमानात बसून परत याल. चौकशी यजमान संस्थेच्या मागे लागेल.

आमचं मत स्पष्ट आहे: पहिली भेट फक्त बघण्याची असावी. पाच ते सात दिवस, एकच संस्था, फार तर दोन. दहा दिवसांत तीन देश आणि सात मिशनं केली की लक्षात राहतात ती विमानतळं.

जाण्याआधी रंगीत तालीम म्हणून गटाने एकदा केडगावला जावं. पुणे-दौंड मार्गावर स्टेशन आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. आधी परवानगी घ्या. पंडिता रमाबाईंच्या कामाला पैसा बाहेरून कसा आला हे तिथे जाण्याआधी वाचा. १८८७ साली बॉस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षांच्या आधाराची हमी दिली. पैसे देणारे दूर, काम करणारे इथे आणि मधे अहवाल, ही रचना तेव्हापासूनची. तुम्ही परदेशात जाल तेव्हा या रचनेत दूरचं टोक तुमचं असेल. केडगावात गटाचं वागणंही कळतं: कोण वेळ पाळत नाही, कोण न विचारता मुलींचे फोटो काढतं, कोणाला माहिती ऐकून घ्यायच्या आधी भाषण द्यायचं असतं.

पत्र, सहा महिने आधी

संस्था शोधताना वेबसाइटवर भाळू नका. आपल्या धर्मप्रांताचा किंवा संप्रदायाचा तिथे संबंध आहे का ते आधी बघा, कारण चौकशी करायला कोणी तरी तटस्थ माणूस लागतोच. नेपाळचा विचार असेल तर युनायटेड मिशन टू नेपाळ ही १९५४ पासूनची संस्था आहे. पाल्पा जिल्ह्यातलं तानसेनचं रुग्णालय तिचंच. कुष्ठरोगाचं काम बघायचं असेल तर काठमांडूच्या दक्षिणेला लेप्रसी मिशनचं आनंदवन रुग्णालय आहे. अशा जुन्या संस्थांकडे पाहुण्यांचे नियम लेखी असतात. नियम असणं ही चांगली खूण समजा. ‘कधीही या, किती पण या’ म्हणणाऱ्या संस्थेबद्दल मात्र दोनदा विचारा.

पहिलं पत्र एका पानाचं पुरे. आपण कोण, किती जण, कोणत्या महिन्यात येऊ शकतो हे लिहा आणि मग हे विचारा: या काळात पाहुणे सोयीचे आहेत का? एका वेळी किती जण चालतील? राहणं, जेवण, गाडी आणि दुभाषा यांचा खर्च किती, आणि आमच्यासोबत जो कर्मचारी फिरेल त्याच्या दिवसांचे पैसे आम्ही कसे द्यायचे? कुठे जाऊ नये, काय बोलू नये, काय घालू नये? शेवटी एक वाक्य आवर्जून टाका: ‘तुम्हाला अडचण असेल तर नाही म्हणा, आम्हाला वाईट वाटणार नाही.’ पाहुण्याला नकार देणं त्यांनाही आपल्याइतकंच जड जातं.

महिना निवडताना आपल्या शाळांच्या सुट्ट्या बघू नका, तिकडचं वेळापत्रक बघा. नेपाळमध्ये जून ते सप्टेंबर पाऊस आणि दरडी. त्यानंतर दशैं (त्यांचा दसरा), मग तिहार (दिवाळी), या दिवसांत अर्धे कर्मचारी गावी. तिहारनंतरचे काही आठवडे किंवा फेब्रुवारी-मार्च बरा. नाताळ कुठेच नको. पाळकाला त्या आठवड्यात जेवायला फुरसत नसते.

किती जण?

सहा. फार तर आठ. चालकासकट एका गाडीत मावतील एवढेच. दुसरी गाडी आली की दुसरा चालक आला, दुसरा सोबती आला आणि ‘ते कुठे राहिले’ म्हणून दर ठिकाणी अर्धा तास. गटात किमान दोन स्त्रिया असाव्यात, नाही तर महिला बचत गट किंवा माता-बालक केंद्र पाहताना सगळे दाराबाहेर उभे. एकाकडे हिशेब, एकाकडे औषधं, एकाकडे रोजची टिपणं, आणि यजमानांशी बोलणारा माणूस एकच. पाच जणांनी पाच सूचना दिल्या की यजमान पाचही पाळू बघतो.

कागदपत्रं

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे किमान सहा महिने हवी. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार मात्र प्रौढांना चालत नाही, फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना. दरवर्षी कोणी ना कोणी आधार घेऊन काउंटरवर उभं राहतं आणि गट एकाने कमी होतो. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास मंजुरी सुरू केली. ती निघण्याआधी काढावी लागते, आणि अर्जात राहण्याचा पत्ता व परतीचं तिकीट लागतं.

मुलांशी संबंधित संस्था पोलिस पडताळणीचा दाखला मागू शकते. तो कुठून मिळेल याची आधी चौकशी करा आणि वेळ धरून अर्ज करा. दाखला मागितला म्हणून रागावू नका. न मागणाऱ्या संस्थेची काळजी करा.

खडकी, देहूरोड, दिघी या भागांतल्या मंडळ्यांत सरकारी नोकर पुष्कळ. त्यांना परदेशी जाण्याआधी खात्याची परवानगी लागते. शिवाय राहण्या-जेवणाचा किंवा तिकिटाचा खर्च परदेशी संस्था करणार असेल, तर परदेशी पाहुणचारासाठी केंद्रीय गृहमंत्रालयाची आगाऊ मान्यता घ्यावी लागते. सोपा उपाय म्हणजे आपला खर्च आपण करायचा आणि पावत्या ठेवायच्या.

पैसा नेणं आणि देणं

नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन मिळत नाही, तिथे भारतीय रुपयेच न्यायचे. शंभराच्या नोटा सोबत ठेवा, मोठ्या नोटा घ्यायला लोक कचरतात. एका भारतीय रुपयाला १.६ नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. भारतीय यूपीआय २०२४ पासून नेपाळमधल्या बऱ्याच दुकानांत चालतं, पण डोंगरातल्या गावात रोखच लागते. इतर देशांसाठी एका प्रवासाला परकीय नोटा ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, उरलेलं कार्डावर. पूर्व आफ्रिकेत जुन्या मालिकेतल्या, घडी पडलेल्या किंवा शिक्का असलेल्या डॉलरच्या नोटा नाकारतात, म्हणून कॅम्पातल्या चलन व्यापाऱ्याकडून घेताना एकेक नोट उलटून बघा. केनियात उतरल्यावर पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घ्या आणि एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे देण्याची सेवा सुरू करा. भाजीवालीपासून टॅक्सीपर्यंत सगळा व्यवहार त्यावर होतो.

देणगीचं प्रकरण वेगळं. रोख पाकीट कोणाच्याही हातात द्यायचं नाही, पाळकाच्याही नाही. तुम्ही प्रेमाने दिलेल्या पाचशे डॉलरमुळे त्याच्या कमिटीत वर्षभर संशय राहतो. संस्थेच्या खात्यात, पावती घेऊन, शक्यतो परत आल्यावर द्या. व्यक्ती म्हणून आपल्याला बँकेमार्फत परदेशात देणगी पाठवता येते. आर्थिक वर्षाची एकूण मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, म्हणजे आपल्याला ती आड येणार नाही. मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून पाठवायचं असेल तर मात्र आधी सीएकडे जा. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेला खर्च, खास मंजुरी नसेल तर, करसवलतीत धरला जात नाही. उलट दिशेने, त्यांनी तुमच्या मंडळीला पैसे दिले तर तो परकीय निधी होतो आणि एफसीआरए (परकीय निधी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. ‘विमानतळावर उरलेले देऊन टाकतो, तुम्ही तिकडे वाटा’ हेही त्यातच आलं.

लसी आणि औषधं

केनिया, युगांडा अशा देशांतून परतताना यलो फीव्हर लसीचा दाखला नसेल तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. युगांडा तर दाखल्याशिवाय आतही घेत नाही. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच मिळते, तीही ठरावीक दिवशी आणि आगाऊ नोंदणीने, आणि दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो. म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, गरोदर स्त्रिया आणि साठीपुढचे यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. गटातल्या ज्येष्ठांना हे निघायच्या पंधरा दिवस आधी कळलं की रडारड होते.

टायफॉइडची आणि हिपॅटायटिस ए ची लस निघण्याआधी किमान दोन आठवडे घ्या, धनुर्वाताला दहा वर्षं झाली असतील तर तीही. मलेरियाच्या गोळ्या जायचं ठिकाण सांगून डॉक्टरांकडून लिहून घ्या. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी, पण किसुमूकडे किंवा किनाऱ्याला जाणार असाल तर गोळ्या हव्यातच. परत आल्यावरही त्या चालू ठेवायच्या असतात. डॉक्सिसायक्लिन चार आठवडे, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. लोक पुण्यात उतरले की पहिल्या दिवशी डबी बंद करतात आणि तिथेच चुकतात.

औषधांचा दानधर्म टाळा. घरातली उरलेली पाकिटं गोळा करून नेणं ही जुनी हौस आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे नियम सांगतात की दान केलेल्या औषधाची किमान एक वर्षाची मुदत पोहोचताना शिल्लक असावी, आणि मागणी असेल तेच द्यावं. आपल्या ब्रँडची नावं तिथल्या नर्सला कळत नाहीत, आणि निम्मी औषधं त्यांना जाळावी लागतात.

सामानात प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. केनियात २०१७ पासून त्यांवर बंदी आहे, कपडे गुंडाळायला कापडी पिशव्या घ्या. केनियाचं प्लग आपल्या सॉकेटचं नाही, तीन चौकोनी पिनांचं आहे. जुलै-ऑगस्टला नैरोबीत स्वेटर लागतो, ‘आफ्रिका म्हणजे ऊन’ म्हणून जाणारे कुडकुडतात. भेट म्हणून बाकरवडीचं सीलबंद पाकीट उत्तम: टिकतं, वाटता येतं, आणि मिरवत नाही.

तिथे, घराच्या आत

वाट कोणती, यावर भेटीचे पहिले दोन दिवस ठरतात. तानसेनला रस्त्याने जायचं तर पुणे-गोरखपूर रेल्वे, तिथून सुनौली सीमा, मग भैरहवा आणि बुटवल. बुटवल सोडलं की सिद्धबाबाचा घाट लागतो. तिथे दगड कोसळून रस्ता तासन्‌तास बंद राहणं नेहमीचं आहे, म्हणून दुपारनंतर तो टप्पा घेऊ नका आणि पोहोचण्याच्या दिवशी संध्याकाळी एकही कार्यक्रम ठेवू नका.

नेपाळमध्ये मंडळ्यांची उपासना शनिवारी असते, कारण सुट्टी शनिवारी. बऱ्याच ठिकाणी चपला बाहेर, बसणं जमिनीवर, पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या. भेटल्यावर ‘जय मसीह’ म्हणा. डाळ-भात सकाळी दहाच्या सुमाराला आणि मग रात्री, मधे थोडं खाणं. पोहे-चहाची सवय असलेल्यांनी सोबत काही ठेवावं, पण यजमानांसमोर डबा उघडू नये. केनियात उपासना तीन तास चालू शकते आणि पाहुण्याला उभं करून दोन शब्द बोलायला लावतात. दोन मिनिटांचा नमस्कार आधीच ठरवून ठेवा. त्यात आपल्या मंडळीचं वय, सभासदसंख्या आणि इमारत सांगत बसू नका.

आता घरभेट. नैरोबीतल्या किबेरा झोपडपट्टीचं उदाहरण घ्या. पत्र्याची किंवा मातीची खोली, जेमतेम दहा-बारा फूट लांब आणि तेवढीच रुंद. एक पलंग, पडदा, पडद्यामागे स्वयंपाक. तुम्ही सहा जण, सोबत दुभाषा आणि समाजसेविका. आठ माणसं आत आली की घरची बाई दारात उभी राहते, स्वतःच्या घरात. म्हणून दोघांनीच आत जावं, बाकीच्यांनी गल्लीत घोळका न करता पुढे निघावं. सोडा (कोल्ड्रिंक) पुढे आला तर घ्या, पण समाजसेविकेला आधीच सांगून ठेवा की काही आणायचं नाही, कारण तो सोडा बहुधा उधारीवर येतो. भिंतीत भोक दिसलं, छत गळताना दिसलं, की आपल्यातला कोणी तरी लगेच ‘आम्ही पत्रे बसवून देऊ’ म्हणतो. थांबा. किबेरातले बहुसंख्य लोक भाडेकरू आहेत. पत्रे बदलले की फायदा घरमालकाचा, आणि पुढच्या महिन्यात भाडं वाढण्याची भीती त्या बाईला. गरज काय आहे हे समाजसेविकेला विचारा, तेही घराबाहेर आल्यावर.

प्रश्न विचारताना उत्पन्न, आजार, नवरा कुठे, हे खोदून विचारू नका. मुलांची शाळा, पाणी कुठून येतं, दिवस कसा जातो, एवढं पुरे. संस्थेला मात्र कठीण प्रश्न विचारा, ऑफिसात बसून: काम थांबवलं तर कोणाचं काय बिघडेल? लेखापरीक्षण कोण करतं? गेल्या वर्षी काय फसलं? ‘काहीच फसलं नाही’ हे उत्तर आलं तर वहीत लिहून ठेवा.

मुलं आणि फोटो

अनाथालयांना भेट हा सगळ्यात नाजूक भाग. पाहुणे येतात, पैसे येतात, म्हणून आई-वडील हयात असलेल्या मुलांनाही आश्रमात ठेवलं जाण्याचे प्रकार नेपाळमध्ये आणि इतरत्र उघड झाले आहेत. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मुलांच्या हक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवी पर्यटनाबद्दल इशारा दिला. संस्था मुलांना कुटुंबाकडे परत पाठवण्याचं काम करते का, हे विचारा. गाणी म्हणवून घेणं, मांडीवर घेणं, चॉकलेट वाटणं टाळा. आठ दिवस लळा लावून निघून जाणाऱ्या माणसांची रांग त्या मुलांनी आधीच पाहिलेली असते.

फोटो गटातल्या एकानेच काढावेत, परवानगी घेऊन. मुलाचा चेहरा, पूर्ण नाव आणि गाव एकत्र कधीही नको. रुग्णाचा फोटो अजिबात नको.

नेपाळला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट घोटून घ्यावी. तिथल्या राज्यघटनेत धर्मांतर करवण्यावर बंदी आहे, आणि ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेरही काढतात. पत्रकं नेऊ नका, रस्त्यावर, वॉर्डात साक्ष देऊ नका. परत आल्यावर ‘इतक्या लोकांपर्यंत सुवार्ता पोहोचवली’ अशी फेसबुक पोस्टही टाकू नका. तुम्ही पुण्यात सुखरूप असता, पण पोस्टमध्ये संस्थेचं नाव असतं आणि पोलिस ठाण्यात बोलावणं त्यांना येतं.

परतल्यावर

मंडळीपुढे मांडायचा अहवाल आधी यजमानांना पाठवा. त्यांनी काही वाक्यं काढायला सांगितली तर वाद न घालता काढा. पंधरा दिवसांत हिशेब बंद करा. तिथे कोणी वैयक्तिकरीत्या काही कबूल केलं असेल, कोणाची फी, कोणाचा मोबाइल, तर ते गटप्रमुखाला सांगावं आणि संस्थेमार्फतच पुरं किंवा रद्द करावं. परस्पर चालणाऱ्या व्हॉट्सॲप विनंत्या दोन्हीकडच्यांना त्रासाच्या होतात.

आफ्रिकेतून आलेल्यांना पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर तो व्हायरल समजून घरी गोळ्या खात बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कोणत्या देशातून कधी आलात ते न विचारता सांगा आणि मलेरियासाठी रक्त तपासून घ्या. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर एक-दोन दिवसांत पुन्हा तपासा.